बर्फावरचा पहिला विजय

सामना सुरू व्हायच्या आधी समोरच्या संघातली पोरं एकेक करून माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाकडे पाहून गेली.

हस्तांदोलनाची रीत असते, हे मला माहीत होतं. आमचे प्रशिक्षक धोटे सर यांनी ते आम्हाला गाडीतच शिकवलं होतं. हातमोजा काढायचा, हात पुढे करायचा, हसायचं. मी हसतच उभा होतो. पण ती पोरं हात देत आणि त्यांची नजर माझ्या नाकाच्या जरा वर येऊन थांबे. मग पुढे सरकताना आपल्या भाषेत एकमेकांशी दबक्या आवाजात काहीतरी बोलत. एकानं तर हात द्यायचं सोडून मला नमस्कारच केला. तो नुर्बू, त्यांचा सगळ्यात तेज खेळाडू. जिवंत माणसाला असा नमस्कार कोणी करत नाही, असं मला तेव्हाच वाटून गेलं.

सगळ्यात शेवटी त्यांचा कप्तान आला. पुंचोक त्याचं नाव. तोही माझ्यासारखा गोलरक्षक, आणि माझ्यासारखाच अंगानं भरलेला. त्यानं हातमोजा काढला, माझ्या हेल्मेटच्या जाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "ये कहाँ से लिया?"

आमच्या सरांचं आहे, म्हणून मी सांगितलं. दुसरं आहे का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग पंचांकडे जायला निघाला. अर्ध्या वाटेत थांबला आणि आमच्या पोरांकडे पाहू लागला. आमची पोरं त्या वेळी फळ्यांचा कठडा धरून उभी होती, कारण कठडा सोडला की पडत होती. त्यांच्याकडे बराच वेळ बघून पुंचोक मागे वळला आणि पंचांशी एक शब्दही न बोलता आपल्या जाळ्यापाशी गेला.

आमचा कप्तान जयदीप वासनिक घसरत घसरत माझ्याजवळ आला. "प्रफुल्ल, ते सगळे तुझ्याकडेच पाहून राहिले बे."

"काहून?"

"मला काय माहीत. घाबरले असतील तुले."

मलाही तसंच समजायचं होतं, म्हणून मी तसं समजून घेतलं.

आता आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगायला हवं, कारण ऐकणारा नेहमी आधी हसतो. विदर्भातलं आमचं विद्यापीठ. तिथं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं आणि बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेली लादी. अशा ठिकाणी आईस हॉकीचा क्लब होता. तो धोटे सरांनी काढला होता. सर मुळात क्रिकेटचे प्रशिक्षक. तरुणपणी एकदा शिबिरासाठी पहाडात गेले, तिथं पोरांना गोठलेल्या पाण्यावर हॉकी खेळताना पाहिलं आणि येताना ते वेड डोक्यात घेऊनच आले. बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टवर चाकांचे स्केट घालून आम्ही खेळायचो. काठ्या सुताराकडून करून घेतलेल्या. पक, म्हणजे आईस हॉकीतली चकती, सिमेंटवर सरकत नाही, म्हणून टणक रबराचा चेंडू वापरायचो, क्रिकेटच्या चेंडूएवढा. येणारेजाणारे थांबून बघत आणि विचारत, आईस कुठं आहे? सर सांगत, येईल.

मला त्या क्लबात गोलरक्षक केलं, कारण मला धड पळता येत नव्हतं आणि माझ्यामुळे निम्मं जाळं आपोआप झाकलं जायचं. लोक यावर हसत. मला चालायचं. शाळेपासून मला कुठल्याही संघात कोणी घेतलं नव्हतं. गल्लीत दोन बाजू पाडल्या की शेवटी उरायचो आणि मग दोन्ही बाजू म्हणायच्या, याला तुम्हीच ठेवा. धोटे सरांनी मला पहिल्याच दिवशी पॅड बांधले आणि सांगितलं, "ही जागा तुझी." त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या मागे कुठंही गेलो असतो.

पॅड क्रिकेटचेच होते, आतून कापूस भरून जाड केलेले. हेल्मेटही क्रिकेटचं, सरांचं स्वतःचं. मला त्याच्या जाळीतून पायापाशी आलेला चेंडू दिसेना, म्हणून सरांनी जाळीचे स्क्रू सैल करून ती खाली घेतली होती. नंतर प्रत्येक सरावाआधी ते हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवायचे आणि हातात चेंडू घेऊन जाळीवर सगळीकडून दाबून बघायचे. चेंडू अडकला की त्यांचं समाधान व्हायचं. इतकी काळजी माझ्या घरीही कोणी घेत नव्हतं.

त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेचं आमंत्रण आलं आणि त्याच आठवड्यात क्रीडासंचालक डॉ. काळमेघ यांनी सरांना बोलावलं. बास्केटबॉलवाल्यांना त्यांचं कोर्ट परत हवं होतं. काळमेघ साहेब गोड बोलून सुरी चालवणारे. ते म्हणाले, धोटे, जाऊन या, हौस पुरी करा, पण एक तरी सामना जिंकून या. नाही जिंकलात तर क्लब बंद. सरांनी हे आमच्यापासून लपवलं नाही. गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका." मग स्वतः कालका येईपर्यंत झोपले नाहीत.

स्पर्धा पहाडातल्या एका छोट्या गावात होती. तिथं मैदानात संध्याकाळी नळीनं पाणी सोडायचे आणि सकाळपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा. ऊन पडायच्या आत खेळ संपवायचा. आम्हाला सरावाला एकच सकाळ मिळाली. तिथं मी पहिल्यांदा खरा पक हातात घेतला. काळ्या रबराची चकती, बूटपॉलिशच्या डबीएवढी, आणि रात्रभर थंडीत राहून दगड झालेली. आमच्यापैकी कोणाच्याही काठीनं तो बर्फावरून बोटभरसुद्धा उचलला गेला नाही. सरपटत यायचा आणि माझ्या पॅडवर आपटायचा. मी खूश होतो. चेंडूपेक्षा हे सोपं, असं मी सरांना म्हणालोसुद्धा.

बाद पद्धत होती. हरला तो घरी. पहिलाच सामना आमच्या वाट्याला आला तो उत्तरेकडच्या एका विद्यापीठाशी, आणि त्या संघातली सगळी मुलं लडाखची. चालायला लागल्यापासून बर्फावर वाढलेली. दहा गोलांनी हरलो तरी देवाची कृपा, असं चहाच्या टपरीवरचा माणूस आम्हाला म्हणाला होता.

त्या दिवशी आभाळ खाली उतरलं होतं. ऊन पडायची चिन्हं नव्हती, तरी बर्फ अधूनमधून खालून कडकन वाजायचा आणि आमची पोरं दचकून पायाकडे बघायची. बघे थोडेच होते, लोकरीचे जाड पट्टू पांघरून कठड्याला टेकलेले. त्यातली एक म्हातारी माझ्या जाळ्याच्या मागेच उभी होती. शिटी वाजली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि काहीतरी पुटपुटायला लागली. मी मागे वळून तिला सांगणार होतो की बाई, दुसरीकडे जाऊन उभी राहा. पण तेवढ्यात नुर्बू सुटला होता.

त्याला येताना पाहिलं आणि सगळं संपलं असं मला वाटलं. आमचे दोघे बचाव करणारे त्याच्या वाटेतून आपोआप पडून बाजूला झाले. तो माझ्या समोर आला, काठी मागे नेली, माझ्याकडे पाहिलं. परत ते तसलंच, नाकाच्या वर. आणि फटका मारायचं सोडून त्यानं पक हलकेच माझ्या पायाकडे ढकलला. तो पॅडवर आदळला. मी अडवला होता.

पुढे तसंच होत राहिलं. ते येत, चक्रासारखे फिरत, आमच्यातून वाट काढत, आणि शेवटी पक बर्फावरून सरपटत माझ्याकडे येई. जोर असे, नाही असं नाही. डावीकडून, उजवीकडून, दोन पायांच्या मधून. मी गुडघ्यांवर पडत होतो, आडवा होत होतो, काठी टेकवत होतो. एकही आत गेला नाही. पहिलं सत्र संपलं तेव्हा आमची पोरं मला मिठ्या मारत होती आणि सर कठड्यापलीकडून नुसते हात हलवत होते. मला कळलं की मी मोठा गोलरक्षक आहे. आजवर कोणी ओळखलं नव्हतं, एवढंच.

तरीही काहीतरी चुकत होतं. ती पोरं आपसात एक शब्द बोलत नव्हती. संधी हुकली की खेळाडू चिडतो, शिव्या देतो, काठी आपटतो. यांच्यातलं कोणी चिडत नव्हतं. उलट पक माझ्याकडे निघाला की ते सगळे जागच्या जागी थबकत आणि तो माझ्या पॅडवर आपटला की श्वास सोडत. पलीकडच्या टोकाला पुंचोक आपल्या जाळ्यासमोर सरळ उभा होता. त्याच्याकडे आमचा कोणी फिरकत नव्हता, त्यामुळे त्याला काही काम नव्हतं, पण तो एकदाही टेकला नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हा मला नजर लावतोय. आईनं पिशवीत टाकलेला अंगारा खोलीवरच राहिला होता, त्याची मला आठवण झाली.

दुसऱ्या सत्रात नुर्बूचा तोल गेला. शरीराचा नव्हे, डोक्याचा. तो पुन्हा एकटाच आला होता आणि आमच्या एका पोरानं त्याला काठीनं पोटरीवर मारलं. मुद्दाम नाही, पडता पडता. नुर्बू वळला आणि त्यानं वळतानाच फटका मारला.

मला पक दिसलाच नाही. कानाजवळून वारं गेल्यासारखं झालं आणि मागच्या फळीवर असा आवाज झाला की ती म्हातारी किंचाळली. फळीला भेग पडली होती. पक जाळ्याच्या बाहेरून गेला होता, त्यामुळे गोल नव्हता. मी हात वर करून आमच्या पोरांना सगळं ठीक असल्याचं दाखवत होतो.

तेवढ्यात पलीकडून पुंचोकचा आवाज आला. इतका वेळ दगडासारखा उभा असलेला तो माणूस आपलं जाळं सोडून बाहेर आला होता, बर्फावर काठी आपटत होता आणि नुर्बूच्या नावानं ओरडत होता. नुर्बू मान खाली घालून उभा. त्यांच्या दुसऱ्या दोघांनी त्याला दंडाला धरलं आणि मैदानाबाहेर नेलं. तो बाकावर बसला आणि हातमोज्यात तोंड लपवलं. त्यानंतर तो खेळायला उतरला नाही. आपला सगळ्यात चांगला खेळाडू त्यांनी स्वतःच बाहेर बसवला.

"भांडून राहिले," जयदीप माझ्याजवळ येऊन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "फुटले ते आतून. आता मारू आपण."

पंचांनी खेळ पुन्हा सुरू केला तेव्हा पुंचोक नुकताच आपल्या जागी परतला होता आणि मान वळवून बाकावरच्या नुर्बूला अजून काही सांगत होता. पक कसा कोण जाणे जयदीपकडे आला. जयदीपनं तो ढकलला आणि ढकलता ढकलता पडला. इतका हळू जाणारा पक मी त्या आधी आणि त्या नंतर पाहिला नाही. पुंचोकनं मान वळवली तेव्हा तो त्याच्या पायाशेजारून आत शिरत होता.

आम्ही एका गोलनं पुढे होतो. तिसऱ्या सत्रात त्यांनी आमच्यावर जे काही चढवलं ते आठवलं की आजही माझे गुडघे दुखतात. पण सगळं खालून. शेवटची शिटी वाजली तेव्हा मी बर्फावर पालथा पडलो होतो आणि पक माझ्या पोटाखाली होता.

धोटे सर चालायचं विसरून बर्फावर धावत आले, आपटले आणि पडल्या पडल्या रडायला लागले. आम्ही त्यांना उचलून घेतलं. मग एसटीडीच्या बूथवर जाऊन त्यांनी काळमेघ साहेबांना फोन लावला. काच बंद होती, पण ते ओरडूनच बोलत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. कोर्ट आमचं राहिलं होतं. क्लब राहिला होता. बाहेर येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू वाचवलास रे." मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. माणूस आनंदात किती मूर्खासारखा विचार करतो.

दुपारी आम्ही शाळेच्या वर्गात, जिथं आम्हाला उतरवलं होतं तिथं, बुखारीभोवती बसलो होतो. लाकडाच्या शेगडीला तिकडे बुखारी म्हणतात. पोरं माझी नक्कल करत होती, मी कसा आडवा झालो, कसा पालथा पडलो. दारावर थाप पडली. पुंचोक आत आला. त्याच्यामागे नुर्बू, पण तो उंबऱ्यातच उभा राहिला.

आम्हाला वाटलं अभिनंदन करायला आलेत. जयदीपनं जागा करून दिली. पुंचोक बसला नाही. त्यानं सरांना नमस्कार केला आणि माझं हेल्मेट मागितलं. मी दिलं. त्यानं ते माझ्याच डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि म्हणाला, "आँख बंद करो."

मी हसत डोळे मिटले. मला वाटलं काही बक्षीस देतोय.

माझ्या उजव्या पापणीला काहीतरी थंडगार टेकलं. गुळगुळीत, कडक. मी दचकून मान मागे घेतली, तेव्हा मागून त्याचा दुसरा हात माझ्या डोक्याला होता. "हिलो मत," तो म्हणाला. त्यानं जरासा दाब दिला. पापणीखाली बुबुळ दबलेलं मला कळलं. मग ते मागे सरकलं.

मी डोळे उघडले. पुंचोकच्या हातात पक होता. त्यानं तो आडवा धरून, पोळी तव्यावर सरकवावी तसा, जाळी आणि हेल्मेटच्या छज्ज्याच्या मधून आत घातला होता. कुठेही न अडकता तो सरळ माझ्या डोळ्यापर्यंत आला होता.

बुखारीत लाकूड तडकलं.

"हम लोग पहले ही देख लिया था," पुंचोक म्हणाला. "हाथ मिलाया तब."

"तर मग सांगितलं काहून नाही?" जयदीप मराठीतच ओरडला आणि मग हिंदीत वळला. "बताया क्यों नहीं?"

पुंचोकनं त्याच्याकडे न बघता मला उत्तर दिलं. तो पंचांना सांगायला निघाला होता. सांगितलं असतं तर पंचांनी मला उतरू दिलं नसतं. आमच्याकडे दुसरा गोलरक्षक नव्हता, दुसरं हेल्मेट नव्हतं. खरा मास्क मैदानावर एकच होता आणि तो त्याच्या स्वतःच्या तोंडावर होता. "तुम लोग इतना दूर से आया था," तो म्हणाला. "खड़ा भी नहीं हो पा रहा था, फिर भी आया था. बिना खेले कैसे भेजता?"

म्हणून त्यांनी ठरवलं, पक उचलायचा नाही. माझ्यावर एकही फटका बर्फ सोडून मारायचा नाही.

मला पहिली आठवण आली ती माझ्या मोठेपणाची. ते गुडघ्यांवर पडणं, ते आडवं होणं, त्या मिठ्या. माझ्या कानशिलांना आग लागली. दुसरी आठवण आली ती फळीच्या भेगेची. मी खाली बसलो. दारात नुर्बू अजून उभा होता. तो माझ्याकडे बघू शकत नव्हता.

"म्हणजे आपण जिंकलोच नाही," जयदीप म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

त्याला काय म्हणायचं आहे ते पुंचोकला न सांगता कळलं. "जीता है," तो जरा चिडूनच म्हणाला. "हम लोग हारने के लिए नहीं खेला. नीचे से जितना मार सकता था, सब मारा. ये सब रोक दिया." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "और वो गोल मेरी गलती. मैं उधर देख रहा था."

घरी गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागणार होतं, याचा मी विचार केला. विदर्भातून आलेल्या, कठडा धरून उभ्या राहणाऱ्या पोरांकडून हरलेला लडाखचा संघ. ते दोघे त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

धोटे सरांनी माझ्या डोक्यावरून हेल्मेट काढून घेतलं. आपल्या पिशवीतून आमचा रबरी चेंडू काढला आणि जाळीवर दाबला. अडकला. पुंचोकच्या हातातून पक घेतला आणि घातला. गेला. पुन्हा चेंडू दाबला. अडकला. पुन्हा पक. ते हे करतच राहिले. शेवटी जयदीपनं त्यांचे हात धरले. सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उद्या आपण खेळत नाही," ते म्हणाले. "क्लब वाचला. तेवढं पुरे. मी तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

कोणी विरोध केला नाही. उपांत्य सामना त्याच गावच्या कॉलेजशी होता आणि त्यांचा खेळ आम्ही आमच्या सामन्यानंतर पाहिला होता. तिथं पक बर्फावर कमी आणि हवेत जास्त असायचा. त्यांना आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी आमच्यासाठी हात का आखडावा? मीच त्या संध्याकाळी सरांजवळ जाऊन बसलो आणि मला खेळायचं नाही असं सांगितलं. मला भीती वाटत होती. ती माझ्या पापणीवर बसली होती आणि डोळा मिटला की कळत होती.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो तेव्हा पुंचोक पुन्हा आला. या वेळी हातात त्याचा मास्क होता. पांढरा, जागोजाग टवके उडालेला, पुढे पोलादी गजांची जाळी. त्यांची बस दुपारची होती, तोवर त्याला मास्कचं काही काम नव्हतं, असं त्यानं सांगितलं. जणू छत्री उसनी देत होता.

सरांनी तो हातात घेतला. गजांवर सगळीकडून पक दाबला, आडवा, उभा, तिरका. प्रत्येक फटीत. पक कुठंच शिरेना. तरी ते थांबेनात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरवायचं मला होतं.

मला नाही म्हणायचं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. क्लब वाचला होता, सर नको म्हणाले होते, कोणी मला नावं ठेवली नसती. पण पुंचोक समोर उभा होता. त्यानं आपला सामना घालवला होता तो मी घरी जावं म्हणून नव्हे, मी खेळावं म्हणून. मी मास्क डोक्यावर घेतला. तो मला घट्ट होत होता आणि आत त्याच्या घामाचा आणि धुराचा वास होता. पट्टे बांधायला नुर्बू पुढे आला.

त्या सकाळी ऊन होतं. पंच घाई करत होते. शिटी वाजली आणि गावच्या कॉलेजची पोरं आमच्यावर तुटून पडली. पहिल्याच झपाट्यात त्यांचा एक उंच पोरगा आमच्या सगळ्यांच्या पलीकडे निघाला. जयदीप त्याच्या मागे धावताना दिसला, मग पडताना दिसला. त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, पण जाळ्याकडे पाहतात तसं. काठी मागे गेली.

या वेळी मला पक दिसला. येताना दिसला. वर येत होता, सरळ माझ्या दिशेनं, आणि मोठा मोठा होत होता. हात वर न्यायला वेळच नव्हता. मी डोळे मिटले.

घंटेवर घण बसावा तसा आवाज माझ्या कवटीत झाला. मी मागे जाळ्यात जाऊन पडलो. कोणीतरी ओरडलं, बहुतेक सरच. तोंडात रक्ताची चव आली, पण ती जिभेची होती, दातात सापडली होती. मी तसाच पडून राहिलो. डावा डोळा उघडला. वर निळं आभाळ होतं. उजवा उघडायचा मला धीर होईना. फटका त्याच बाजूला बसला होता, जिथं काल ती थंडगार कड टेकली होती, अगदी तिथंच.

मग मी तोही उघडला. समोरचा गज आत वाकला होता. वाकलेल्या गजाच्या वरून मला आभाळ दिसलं, कठडा दिसला, कठड्यावरची माणसं दिसली. त्यांच्यात पुंचोक होता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून घेतले होते. शेजारी नुर्बू त्याचं मनगट ओढत होता, बघ म्हणून सांगत होता, पण तो हात काढायला तयार नव्हता.

मी उठलो आणि काठी वर केली. नुर्बू त्याच्या कानात काहीतरी बोलला. पुंचोकनं हात काढले. मी त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि माझे दोन्ही डोळे वाहायला लागले.

त्या सामन्यात आम्ही किती गोल खाल्ले ते आमची पोरं अजून कोणाला सांगत नाहीत. मी मात्र शेवटच्या शिटीपर्यंत जाळ्यासमोर उभा होतो.